सांगलीत राहून मालिकालेखन शिकायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठची, मिरज

नमस्कार. मी मिरजेत राहते आणि सांगलीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. महाविद्यालयातील मुलांसाठी मी काही एकांकिका लिहिल्या असून त्यांपैकी काही स्पर्धांतही सादर झाल्या आहेत. गेल्या काही काळापासून एका दैनंदिन मालिकेची कल्पना डोक्यात घोळते आहे. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदाराचे एकत्र कुटुंब, त्यांचा बेदाण्याचा व्यवसाय आणि लग्न होऊन त्या घरात आलेली, हिशेबाला पक्की असलेली सून, असा तिचा गाभा आहे. सुरुवातीचे बरेच भाग मी संवादांसह लिहूनही ठेवले आहेत.

मात्र मालिकेचे लेखन रीतसर शिकलेले कोणी माझ्या ओळखीत नाही. नोकरी सोडून पुण्या-मुंबईला जाऊन अभ्यासक्रम करणे मला शक्य नाही. ज्याला एकांकिका लिहिता येते, त्याने दूरचित्रवाणीसाठी नेमके वेगळे काय शिकायचे असते? लिहिलेले भाग थेट वाहिनीकडे पाठवावेत का? आणि पाठवल्यावर कल्पना दुसऱ्याच्या नावावर पडद्यावर आली, तर आपल्या हाती काय उरते? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

दुसरा ड्राफ्ट, वाई / ठाणे

ताई, मी मूळचा वाईचा. ठाण्यात राहून दैनंदिन मालिकांसाठी आधी संवाद लिहीत होतो, आता पटकथा लिहितो. मालिका एक लेखक लिहितो, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. श्रेयनामावली नीट पाहिलीत, तर कथा, पटकथा आणि संवाद यांच्यापुढे बहुधा वेगवेगळी नावे आढळतील. कथालेखक वाहिनीच्या आणि निर्मितीसंस्थेच्या माणसांबरोबर बसून पुढच्या काही आठवड्यांचा ‘ट्रॅक’, म्हणजे कथेची वाटचाल, ठरवतो. त्यावरून प्रत्येक भागाची ‘वनलाईन’ तयार होते, म्हणजे कोणत्या प्रसंगात काय घडते हे एकेका वाक्यात मांडलेले असते. पटकथाकार त्या वाक्यांचे प्रसंग करतो आणि संवादलेखक सर्वांत शेवटी त्या प्रसंगांना भाषा देतो. तुम्ही ही तिन्ही कामे एकटीने केली आहेत, हे कौतुकास्पद असले तरी तुम्हाला काम मिळेल ते या साखळीतल्या एखाद्या कडीचे मिळेल, आणि नवख्याला बहुतेक वेळा संवादांचेच मिळते.

ही विभागणी हौसेने केलेली नाही, ती हिशेबातून आलेली आहे. तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, असा केबल टेलिव्हिजन नियमांचा दंडक आहे. म्हणजे अर्ध्या तासात चोवीस मिनिटे उरतात. त्यांतून शीर्षकगीत, मागील भागाची आठवण आणि पुढील भागाची झलक वजा केली, की वीस-बावीस मिनिटांचा नवा मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग धरले तर दर आठवड्याला एका चित्रपटाइतके लेखन होते, आणि ते वर्ष-दोन वर्षे न थांबता चालू राहते. एकट्या माणसाच्या हातून हे निभत नाही. भागात साधारण सहा ते आठ प्रसंग असतात आणि प्रत्येक ब्रेकच्या आधीच्या प्रसंगाचे टोक उघडे ठेवावे लागते, कारण जाहिराती लागल्या की प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. माझ्या मते एकांकिका लिहिणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे बंधन हाती धरून लिहिणे. आज कोणता सेट उभा आहे, कोणत्या कलाकाराची तारीख (चित्रीकरणासाठी दिलेला दिवस) आहे, दिवसाचे चित्रीकरण आहे की रात्रीचे, या गोष्टी प्रसंग सुचण्याच्या आधीच ठरलेल्या असतात. २०२० साली टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झाले, तेव्हा पासष्ट वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास शासनाच्या नियमावलीने मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती अट ऑगस्टमध्ये रद्द केली, परंतु तोपर्यंत कित्येक मालिकांतल्या आजी-आजोबांची सोय लेखकांनाच लावावी लागली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातले चित्रीकरण पुन्हा थांबले आणि अनेक मराठी मालिका गोव्यात किंवा राज्याच्या सीमेपलीकडे गेल्या. मग घर सोडून सगळे कुटुंब अचानक दुसरीकडे का राहू लागले, याचे पटेल असे कारण एका रात्रीत शोधणे आले. ही टोकाची उदाहरणे झाली. एरवीही दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि लिहून तयार असलेला ट्रॅक शुक्रवारी बदलतो. अशा वेळी ज्याला ‘माझी मूळ कथा अशी नव्हती’ असे वाटत राहते तो फार दिवस टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हे सांगलीत बसून शिकता येते. कोणत्याही चालू मालिकेचा एक भाग घ्या आणि त्याचा उलटा आराखडा मांडा. प्रसंग कोठे घडतो, त्यात कोण आहे, प्रसंगाच्या सुरुवातीला कोणाला काय हवे आहे, शेवटी काय बदलले आणि त्याला किती वेळ लागला, एवढेच लिहा. सलग दोन-तीन आठवड्यांचे भाग असे उलगडलेत, की कोणता प्रसंग कथेसाठी आहे आणि कोणता केवळ एखाद्या कलाकाराची तारीख वाया जाऊ नये म्हणून घातलेला आहे, हे तुमचे तुम्हालाच दिसू लागेल. त्यानंतर त्याच मालिकेतील पात्रे आणि त्याच घराच्या खोल्या घेऊन पुढचा एक भाग स्वतः लिहा. तो कोणाला पाठवण्यासाठी नाही, केवळ हात बसण्यासाठी आहे.

इंग्रजी पटकथांची एक पान म्हणजे एक मिनिट ही मोजणी आपल्या देवनागरी मजकुराला लागू पडत नाही, कारण अक्षराचा आकार, समास आणि मांडणी सगळेच वेगळे असते. घड्याळ लावून मोठ्याने वाचणे हाच खरा उपाय आहे. सॉफ्टवेअरची चिंता करू नका. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेली साधी वर्ड फाईल चालते.

लिहिलेले सगळे भाग मात्र कोणाकडेही पाठवू नका. ते कोणी वाचणार नाही. एका पानात कल्पना, चार-पाच पानांत पात्रे व पहिल्या काही महिन्यांची वाटचाल, आणि नमुन्यादाखल एक पूर्ण भाग एवढे पुरते. वाहिन्या बहुधा निर्मितीसंस्थांमार्फत काम करतात, त्यामुळे अनोळखी माणसाची थेट आलेली फाईल पुढे सरकण्याची शक्यता कमी असते. लेखन फोनवर आणि ई-मेलवर चालते, म्हणून मुंबईत कायम राहण्याची आता पूर्वीइतकी सक्ती नाही, पण पहिली ओळख होण्यासाठी काही फेऱ्या माराव्या लागतील. पैशाचेही आधीच सांगून ठेवतो. मानधन दर भागाप्रमाणे ठरते, त्यातून दहा टक्के कर कापला जातो आणि रक्कम हाती यायला दोन-तीन महिने लागणे नेहमीचे आहे. तेव्हा नोकरी सोडू नका.

तिसरी घंटा, सांगली

आमच्या गावात नाटकाविषयी कोणीही बोलायला उभे राहिले, की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवर’पासून सुरुवात होते. ते नमन आज वगळतो आणि मुद्द्यावर येतो.

‘दुसरा ड्राफ्ट’ यांचे म्हणणे अनुभवाचे आहे, परंतु त्यांनी सगळा भर आराखड्यावर आणि तारखांवर दिला आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. दैनंदिन मालिका जितकी पाहिली जाते तितकीच ऐकली जाते. संध्याकाळी साडेसातला घरातली बाई कणीक मळत असते, दूरदर्शन संच बाहेरच्या खोलीत असतो आणि तिचे कान तिकडे असतात. मालिकांत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का बोलली जाते, यावर आपण नाटकवाले नाके मुरडतो. त्याचे एक कारण हे आहे. म्हणून मालिकेचे संवाद शिकायचे असतील तर रंगमंचाच्या जोडीला श्रुतिका, म्हणजे नभोवाणीवरची नाटिका, लिहून पाहा, असे मी सुचवेन. आकाशवाणीचे सांगली केंद्र आपल्या गावातच आहे. आवाजाखेरीज काहीही हाताशी नसताना कोण आले, कोण गेले, कोण रागावले हे ऐकणाऱ्याला कसे कळवायचे, याचा तो उत्तम सराव आहे. त्यात निवेदकावर भार टाकण्याचा मोह टाळावा लागतो, एवढे लक्षात ठेवा.

एकांकिका लिहिणाऱ्याच्या दोन सवयी आड येतात. एक म्हणजे शेवटाची ओढ. एकांकिकेत चाळीस-पन्नास मिनिटांत सगळे स्फोटापर्यंत न्यायचे असते, तर मालिकेत प्रत्येक प्रसंगाने थोडे उत्तर द्यायचे आणि त्यातूनच नवा प्रश्न उभा करायचा असतो. दुसरी सवय स्वगताची आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या इतक्या जवळ जातो, की रंगमंचावर जे चार वाक्यांत सांगावे लागते ते तेथे नजर वळवण्यात संपते. मी वर ऐकण्याविषयी लिहिले आणि आता नजरेविषयी लिहितो आहे, हा विरोध मला दिसतो आहे. मालिकालेखकाला या दोघांमधूनच वाट काढायची असते, आणि खरी कारागिरी तेथेच लागते.

आणखी एक विनंती. तुमची कथा तासगावची आहे, तर बोली तासगावचीच ठेवा. ‘ग्रामीण’ या नावाखाली दूरचित्रवाणीवर एक सरसकट भाषा तयार झाली आहे. ती साताऱ्याची नाही, सांगलीची नाही आणि कोल्हापूरचीही नाही. एकाच घरात सगळे सारखे बोलत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. शेतकी पदवी घेतलेला मुलगा औषध दुकानदाराशी एक बोलतो आणि बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांशी दुसरे बोलतो. सासू जतच्या पूर्व भागातून आलेली असेल, तर तिच्या बोलण्याला कानडी वळण असणार. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर गावोगावचे संघ येतात. तेथे नाटक संपल्यावर थांबून माणसे आपसांत कशी बोलतात ते ऐका.

वकील, सातारा

मी फक्त कायद्यापुरते लिहितो.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात एका नाटककाराचे म्हणणे असे होते, की चित्रपट आपल्या नाटकावरून घेतला आहे. विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, असे ठरून त्याचा दावा अमान्य झाला. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही कसोटी त्या निकालाने घालून दिली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘बेदाण्याचा व्यवसाय करणारे कुटुंब आणि हिशेबी सून’ या एका ओळीवर आपला हक्क सांगता येणार नाही. पात्रे, घटनाक्रम आणि संवाद यांच्यासह लिहिलेल्या मजकुरावर सांगता येईल. कोणाशी तोंडी चर्चा करण्याआधी मजकूर लिहून काढावा, तो याचसाठी.

कॉपीराइट लिहिताक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झाल्यास तेथे ऑनलाइन नोंदणी करता येते. अमुक तारखेला हा मजकूर माझ्याजवळ होता, याचा तो पुरावा असतो. मजकूर ई-मेलनेच पाठवावा आणि ज्यांच्याशी भेट झाली त्यांना भेटीनंतर दोन ओळींचा ई-मेल करावा. अशी साधी काळजी पुढे फार उपयोगी पडते.

करार हाती आल्यावर तीन जागा बारकाईने वाचाव्यात. पहिली जागा हक्कांची: हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, परंतु छापील करारांत बहुधा सर्वकाळ आणि सर्व जग असे शब्द असतात, म्हणून वाचणे आले. दुसरी जागा मानधनाची: पैसे भाग लिहून दिल्यावर मिळणार, मंजूर झाल्यावर मिळणार की प्रसारित झाल्यावर, हे स्पष्ट हवे, कारण मंजूर होऊनही कधीच प्रसारित न झालेले भाग असतात. तिसरी जागा श्रेयाची. आपल्या लेखनाचे कर्तेपण सांगण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही राहतो, तरी नाव कोठे व कसे दिसेल हे करारातच लिहून घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाच्या स्वामित्वशुल्काच्या (रॉयल्टीच्या) हक्कालाही संरक्षण दिले आहे, मात्र तो विषय वेगळ्या चर्चेचा आहे.

कृष्णाकाठची, मिरज

सर्वांचे मनापासून आभार. ‘दुसरा ड्राफ्ट’ यांनी सांगितल्याप्रमाणे आराखडे करायला घेतले आहेत. एक प्रसंग तपासून द्याल का? माझ्या पहिल्या भागात तासगावच्या बाजार आवारात बेदाण्याचा सौदा चालू आहे. व्यापारी, अडते, शेतकरी यांची गर्दी आहे, बोली लागते आहे, आणि त्या गर्दीत मुक्ता या सुनेला अडत्याच्या माणसाकडून समजते, की शेडवरून पाठवलेल्या पेट्या आणि पट्टीवर (अडत्याच्या हिशेबाच्या कागदावर) दाखवलेल्या पेट्या यांत तफावत आहे. ती सर्वांसमोर सासऱ्यांना जाब विचारते. लिहिताना मला तो फार आवडला होता, आता तो परवडणारा नाही असे वाटू लागले आहे.

दुसरा ड्राफ्ट, वाई / ठाणे

पहिल्या भागाला थोडा जास्त खर्च मंजूर असतो, त्यामुळे सौद्याची दृश्ये मालिकेच्या सुरुवातीला, संवादांविना, अर्ध्या मिनिटात दाखवता येतील. परंतु हिशेबातली तफावत तेथे उघड करू नका. खर्चाचा प्रश्न आहेच, आणि त्याहून मोठा प्रश्न असा आहे, की सर्वांसमोर जाब विचारून झाल्यावर मुक्ताकडे दुसऱ्या भागात विचारण्यासारखे काही उरत नाही. तीच गोष्ट घरात आणली तर काय होते ते पाहा.

सीन ३. स्थळ : आबांच्या घराचा सोपा. वेळ : रात्र. पात्रे : मुक्ता, आबा (तिचे सासरे).

(मुक्ता पट्ट्यांचा गठ्ठा वहीशी ताडून पाहत आहे. आबा सुपारी कातरत बसले आहेत.)

मुक्ता : आबा, शेडवरनं गेलेल्या पेट्या दोनशे चाळीस. पट्टीवर दोनशे दहा.
आबा : वाटंत फुटत्यात पेट्या.
मुक्ता : तीस?
आबा : (अडकित्ता थांबतो.) वही मिट. रात झाली.
मुक्ता : मिटते. माल मोजून दिल्याची सही तेवढी कुणाची हाय, ते सांगा.

(आबा काही न बोलता उठून आत जातात. मुक्ता पट्टी दिव्याजवळ धरते. सही वाचताच तिचा चेहरा बदलतो. ब्रेक.)

सही तिच्या नवऱ्याची आहे, हे ब्रेकनंतर कळेल. दोन कलाकार, नेहमीचा सेट आणि एक कागद एवढ्यात काम झाले. आबांना सगळे ठाऊक आहे, हे त्यांनी सांगितलेले नाही. अडकित्ता थांबण्यातून ते कळते. कलाकाराला हाताने करता येईल अशी एखादी कृती द्यावी, म्हणजे ‘आबा अस्वस्थ होतात’ असे लिहावे लागत नाही.

यातही दोन उणिवा आहेत. घड्याळ लावून वाचलेत तर हा प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा भरतो आणि आपल्याला अडीच मिनिटे हवी आहेत. दुसरे असे, की ‘तिसरी घंटा’ यांच्या कणीक मळणाऱ्या बाईला शेवटी काय झाले ते कळणारच नाही. वाहिनीकडून मुक्ताच्या तोंडी ‘ही तर यांची सही!’ असे वाक्य घालण्याची सूचना येईल, आणि नवख्या लेखकाला ते घालावे लागेल.

तिसरी घंटा, सांगली

ते वाक्य घालण्याची गरज नाही. आबा आत गेल्यावर स्वयंपाकघरातून सासूने विचारावे, “कुणाची गं सही म्हणालीस?” मुक्ताने पट्टीकडे पाहत थोडे थांबावे आणि म्हणावे, “वाचता येईना, आत्ती.” जो पाहतो आहे त्याला ती खोटे बोलते हे दिसेल, जी ऐकते आहे तिला तेवढ्या थांबण्यातून शंका येईल, आणि सून सासूपासून काही लपवू लागली हा नवा धागा फुकटात मिळेल. शिवाय सासूला पुढे दोन-तीन प्रश्न विचारू दिलेत, तर वेळही भरून निघेल.

दुसरा ड्राफ्ट, वाई / ठाणे

हा बदल माझ्या लिखाणापेक्षा सरस आहे, तोच घ्यावा. सासूचा फक्त आवाज ठेवा आणि तिला स्वयंपाकघराच्या दारात आणू नका. म्हणजे त्या दिवशी तिची तारीख लागणार नाही, आवाज नंतर डब करून घेता येईल.